वाळूवर राहिलेला वाटा

खोलीच्या भिंतीवर एक चकचकीत कागद डकवलेला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'समुद्रावरच्या सुट्टीत काय काय कराल?' आणि खाली आकडे घालून एकेक गोष्ट. बोटीची फेरी. डॉल्फिन बघणे. कड्यावरच्या गणपतीला जाणे. मावळता सूर्य बघणे. सूर्य बघा म्हणून सांगायलाही आता कागद लागतो. माझी शाळा चौथीत सुटली. मी हळू वाचतो, पण अर्धवट टाकत नाही. नात म्हणाली, "आजोबा, मी वाचून दाखवू?" म्हटलं, "माझं मला येतंय." सातव्या आकड्याला पोचलो आणि तिथेच उभा राहिलो. सात : रापण ओढणे.

म्हणजे आता ती सुट्टीत करायची गोष्ट झाली.

मुलाने गाडीने आणलं आम्हाला आंजर्ल्याला. मला, नातीला आणि माझ्या खाकी पिशवीला. पिशवी बघून तो हसला होता. "बाबा, ही कशाला? जुनं कापड आहे, फाटेल." फाटली नाही. माझी थोरली बहीण, आक्का, ह्या गावात दिली होती. आता ती नाही, भावोजी तिच्याही आधी गेले, पोरं मुंबईला. घराला कुलूप. म्हणून आम्ही कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत उतरलो. येताना पुलावरून आलो. मी खाडी बघायला मान वळवेपर्यंत खाडी संपली.

आमच्या वेळेला पूल नव्हता. तरीतून यावं लागे. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. लोट्याच्या माळावर कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकात मी पाळीला लागलो होतो. आमचं गाव डोंगराच्या आतल्या अंगाला. गावातली सगळी कर्ती माणसं मुंबईला. मी नाही गेलो. लोक म्हणायचे, हा हट्टाने सडणार. मग एक दिवस कारखान्याची बस आमच्या फाट्यावर थांबायला लागली आणि मी खाकी कपडे नि जाड बूट घालून तिच्यात चढायला लागलो. तेव्हा कोण काय बोललं नाही. मे महिन्यात कारखाना आठ दिवस बंद असायचा, आतली सफाई व्हायची. त्या आठ दिवसांतले पाच आम्ही आक्काकडे जायचो. मी, बायको शेवंती, आणि मुलगा.

शेवंतीने लग्नाआधी समुद्र पाहिलेला नव्हता. चिपळूणची वाशिष्ठी हेच तिचं मोठं पाणी. तिची तयारी महिनाभर आधी सुरू व्हायची. खाकी पिशवी धुवायची, कुंपणावर वाळत घालायची, मग भरायची. नाचणीचं पीठ, कुळीथ, आणि भुशात नीट पुरून ठेवलेली कोंबडीची अंडी. एसटीत ती पिशवी मांडीवरच. कुणी म्हटलं, वैनी, वर ठेवा, तर म्हणायची, "वर ठेवली तर आक्काच्या दारात पिल्लं निघतील."

तरीत बसलं की ती हात पाण्यात सोडायची आणि एक बोट जिभेला लावायची. दर वर्षी.

"अजून खारंच हाय," असं म्हणायची.

तरवाला म्हातारा होता. वल्हं मारत तो म्हणायचा, "यंदा साखर टाकणार होतो वैनी, पण आमच्या बायलीनं चहाला संपवली."

पाच वर्षं तेच बोलणं. पाच वर्षं ती तशीच हसली. मी होडीच्या मध्यावर बूट सांभाळत बसलेला असायचो.

तेव्हा आकडे घातलेला कागद नव्हता, पण करायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. पहिल्या सकाळी मुलाला खाऱ्या पाण्यात बुडवून काढायचं, अंगावरच्या पुटकुळ्या जातात म्हणून. तो किंचाळायचा आणि मग बाहेर यायला तयार नसायचा. माझे गुडघे पाळीच्या उभ्या कामाने धरलेले, तर भावोजी मला उन्हं वर आल्यावर गरम वाळूत कमरेपर्यंत पुरायचे. बाजूने जाणारा येणारा विचारायचा, "पावणं रुजत घातलंत काय?" भावोजी म्हणायचे, "बघूया, पावसाआधी कोंब येतोय काय."

ओहोटीला तिसऱ्या. ओल्या वाळूला बारीक भोक दिसलं की त्याच्याखाली शिंपला असतो. मला कधी दिसलं नाही. शेवंतीला दिसायचं. लावणीला वाकून वाकून तिची नजर जमिनीशी बांधलेली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती टाचेने वाळू दाबायची, मग बोटं घालायची, आणि टोपलीत टक् करून आवाज. पाणी मागे जाताना वाळू चुर्र करते, तो आवाज आणि मध्येमध्ये तो टक्. आक्का लांबून ओरडायची, "बारक्या सोड गो! त्यांना वाढू दे." शेवंती एकेक बारकी उचलून परत पाण्यात टाकायची, पोराला न्हाऊ घालावं तशी.

दुपारी तिसऱ्यांचं सार आणि भात. आक्काच्या परसवात रातांब्याची सालं वाळत घातलेली असायची. त्यांचा आंबट वास आणि दोरीवरच्या बांगड्यांचा खारा वास, दोन्ही मिळून एक तिसराच वास व्हायचा. तो वास घरी परत गेल्यावर पिशवीला यायचा. कारण निघताना आक्का अंड्यांच्या जागी सुकी मासळी भरून द्यायची. सोडे, सुकट, खारे बांगडे, वर्तमानपत्रात गुंडाळून. पावसाळाभर ती पिशवी आमच्या मधल्या खोलीत खुंटीला असायची. बाहेर पाऊस आणि आत समुद्र. शेवंती येता जाता पिशवीला नाक लावायची. मी म्हणायचो, "काय हे?" ती म्हणायची, "काय नाय."

संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला. वर पोचल्यावर वारा असा यायचा की बोललेलं मागे जायचं. शेवंती देवाला हात जोडायची आणि लगेच पाठ फिरवून समुद्राकडे बघत बसायची. मी म्हटलं एकदा, देवाकडे पाठ करू नये. म्हणाली, "तो पण तिकडंच बघतोय की."

हे सगळं मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला गेलो की पुढचं सांगावं लागतं.

पाचव्या वर्षी मी कारखान्यात कायम झालो होतो. नवे बूट मिळाले होते. ते घालूनच मी किनाऱ्यावर उभा होतो. सकाळची वेळ. होडी जाळं घेऊन आत जाऊन, मोठा वळसा मारून परत आली होती, आणि दोराची दोन टोकं किनाऱ्यावर दोन टोळ्यांच्या हातात होती. रापण म्हणजे हीच. एका टोळीत भावोजी. दर वर्षी मी लांबून बघायचो. त्या वर्षी माणसं कमी होती. भावोजींनी हाक मारली.

"पावण्यांनू, या! बूट तेवढे काढा, नायतर बूट जातील म्हावऱ्याला आणि तुम्ही बसाल जाळ्यात."

सगळे हसले. मी बूट काढले. पाठोपाठ शेवंतीने पदर कमरेला खोचला आणि दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तांडेल, म्हणजे रापणीचा मुख्य माणूस, म्हातारा होता. अंगावर गुडघ्याएवढं पंच्याचं फडकं. तो तिला म्हणाला, "वैनी, हात लावायचा तर शेवटापर्यंत. मधी सोडायचा नाय."

ती म्हणाली, "मी भात लावते काका. मधी सोडत नाय."

दोर सुंभाचा, ओला, हाताला कुसळं लागणारा. कंबर मागे टाकायची, टाच वाळूत रोवायची, आणि एक पाऊल मागे. एकजण 'होय्या' म्हणायचा आणि बाकीचे 'हो'. पहिल्यांदा वाटतं समुद्रच ओढतोय आपल्याला. मग केव्हातरी तो देऊ लागतो. थोडा थोडा. माझ्या मागे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि 'हो' म्हणणारा तिचा आवाज. घरात ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. दोन तास ओढलं असेल. जाळ्याचं पोट पाण्याच्या कडेला आलं तेव्हा पाणी उकळल्यासारखं झालं होतं. पांढरं, चकाकतं, उड्या मारणारं. मुलगा त्याच्या भोवती नाचत होता.

मग वाटे. तांडेल उकिडवा बसला आणि वाळूवर ढिगुल्या मांडत गेला. रापणीचा कायदा असा की ज्याचा हात दोराला लागला त्याचा वाटा. मग तो गावचा असो, परका असो, बाई असो, पोर असो. आणि एकाच्या वाट्याला दुसरा हात लावत नाही.

"हा होडीचा. हा जाळ्याचा. हा देवाचा." मग एकेकाचं नाव. शेवटी, "हा पावण्यांचा. आणि हा वैनींचा."

"माझा?" शेवंतीने विचारलं.

"मग? हात कोणाचे होते?"

दोन बांगडे, मूठभर पेडवे, आणि एक चिंबोरी, अजून नांग्या हलवणारी. शेवंती तशीच बघत राहिली. मग गुडघ्यावर बसली, पदर सोडला आणि एकेक मासा उचलून पदरात घेतला. आधी तिचा वाटा, मग माझा. चिंबोरी धरताना तिने बोट झटकलं आणि हसली. तिचा पदर जड होऊन खाली लोंबला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

तेवढ्यात टोळीतला एक जण मला म्हणाला, "काय कंपनीवाले! म्हावरं मिळालं, आता पाळीला कशाला जाताव?"

गंमत होती ती. सकाळपासून चालली होती तशीच. सगळे हसले, भावोजीही हसले. मी उघड्या पायांनी, पँट वर दुमडून, ओल्या वाळूने माखून उभा होतो.

मी शेवंतीला म्हटलं, "टाक ते."

तिला कळलं नाही. ती अजून हसतच होती.

"टाक म्हटलं. वाळूत टाकलेलं उचलायला आपण भिकारी नाय. मी कायम माणूस हाय."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर सोडला. मासे पडले तेव्हा आवाज झाला नाही, वाळू ओली होती. चिंबोरी तिरकी तिरकी पाण्याकडे निघाली. तिच्या मागे आमचा मुलगा धावला. शेवंतीच्या पदरावर खवले चिकटलेले होते, ते तिने झाडले नाहीत.

तांडेल उठला. मला म्हणाला, "पावण्यांनू, वाटा ढिगात परत जात नाय. तुम्ही नेलात नाय, तर तो हितंच राहील." एवढंच. रागाने नाही. भरतीची वेळ सांगावी तसं.

माणसं आपापला वाटा घेऊन गेली. आक्का उशिरा आली, तिला कुणी तरी सांगितलं असावं. "बाळा, अजून उचल. कोण हात लावणार नाय. तुझाच हाय. तिचा तरी उचलू दे तिला." मी बूट घालत होतो. ओल्या पायात बूट जात नव्हते. मी ते घातलेच. निघताना मागे बघितलं नाही. कावळ्यांचा आवाज ऐकला.

त्या दिवशी आक्काकडे कुळथाची पिठी आणि भात झाला. भावोजींनी मीठ तेवढं मागितलं. दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो, दोन दिवस आधीच. आक्काने पिशवी भरून दिली. तरीत शेवंतीने हात पाण्यात सोडला नाही. तरवाला साखरेचं काही बोलला, मला आठवत नाही.

घरी येऊन तिने पिशवी उघडली. आमसुलं होती, पोह्याचे पापड होते, सुकवलेल्या फणसाच्या आठळ्या होत्या. मासळी नव्हती. तिने पिशवी उलटी करून झटकली, पुन्हा आत बघितलं. मग घडी घालून ठेवली. त्या पावसाळ्यात खुंटी मोकळी होती.

पुढच्या वर्षी वैशाखात पिशवी कुंपणावर वाळताना दिसली. मी म्हटलं, "यंदा सुट्टी नाय." सुट्टी होती. तिने पिशवी काढून ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षीही वाळत घातली. संध्याकाळी तिने घडी घातली. असं किती वर्षं. ती विचारायची नाही आणि पिशवी धुवायची थांबायची नाही. आठ दिवस मी घरात बसून गडग्याचे दगड सारखे करायचो.

आक्का गेली तेव्हा मी एकटा आलो होतो, बाराव्याला. आलो तसा परतलो. घरी शेवंतीने विचारलं, "समुद्र बघितलात काय?" म्हटलं, वेळ नव्हता. ती म्हणाली, "बरं."

ती जाऊन तीन पावसाळे झाले. तिच्या कपाटात पिशवी सापडली, घडी घातलेली. मी नाक लावून बघितलं. साबणाचा वास होता.

आज सकाळी मुलगा आणि नात मला घेऊन किनाऱ्यावर गेले. मी पिशवी काखोटीला मारली होती. साखरेच्या दुखण्याने माझे पाय बधिर झालेत. वाळू गरम की गार ते मला कळत नाही, खाली बघून चालावं लागतं. मुलाने चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, इथंच ना ती चिंबोरी पळाली होती? काय धावलो होतो मी तिच्या मागे!"

म्हटलं, "हो. इथंच."

त्याला तेवढंच आठवतं. बरं आहे.

रापण लागलेली होती. गावची सात-आठ माणसं, बाकी सुट्टीला आलेले. कुणी पाच मिनिटं ओढायचे, फोटो काढायचे, सोडून जायचे. नातीने दोर धरला. मुलाने फोटो काढला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा." मी बूट काढले आणि नातीच्या मागे, शेवटच्या टोकाला उभा राहिलो. दोर आता नायलॉनचा आहे. कुसळं लागत नाहीत. नात थोड्या वेळाने दमली, पाण्यात गेली. मुलगा दोनदा म्हणाला, बाबा, पुरे. मी सोडला नाही. मागे कुणाचा श्वास नव्हता. मी 'हो' म्हणत होतो की नाही तेही माहीत नाही.

जाळ्यात फार काही आलं नाही. तांडेल एक तरुण मुलगा होता, कानात भिकबाळी, अंगात बनियन. तरी त्याने वाटे मांडले. वाळूवरच. ज्यांनी फोटोपुरता हात लावला त्यांचेही मांडले. त्यातले बरेच जण नाक मुरडून निघून गेले होते. ते वाटे तसेच राहिले, कुणी हात लावला नाही.

"आजोबा, हा तुमचा."

एक बांगडा आणि थोडे पेडवे. मी वाकलो. गुडघे वाकत नाहीत, म्हणून बसलोच खाली. एकेक मासा उचलून पिशवीत टाकला. आजूबाजूला माणसं होती, बघत असतील. मला वाटलं होतं की हे करताना काही तरी होईल आत. काही झालं नाही. हात ओले झाले, एवढंच.

मग मी त्या तांडेलाला म्हटलं, "अजून एक वाटा पायजे. एक राहिलाय."

आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायला कसं बोलतात तेही मला नीट आलं नसेल, कारण तो जरा दचकला. नातीकडे बघून म्हणाला, "हिचा? हिचा मांडलाय की."

"हिचा नाय. माझ्या बायकोचा."

"आजी कुठायत? ओढायला होत्या काय?"

"होती. तेव्हा."

त्याच्या वाट्यात चार बांगडे होते, त्यातले दोन त्याने उचलून माझ्यापुढे धरले. "घ्या आजोबा. तुम्हाला नाय म्हणत नाय."

म्हटलं, "तुझ्यातला नको. तो तुझा. एका माणसाचा एकच वाटा, कायदा माहीत हाय मला. पुन्हा कधी ओढणार?"

"दुपारनंतर. भरती बघून. पण उन्हात कशाला थांबताय?"

माझा मुलगा जवळ आला. "बाबा, बारा वाजता खोली सोडायचीय."

"तुम्ही सोडा."

"आणि तुम्ही?"

मी बूट बाजूला ठेवले. पिशवीतले मासे एका कोपऱ्याला सारले, वरून ओला टॉवेल टाकला. दुसरी बाजू मोकळी ठेवली. नात शेजारी येऊन बसली आणि मला वाळूत पुरायला लागली, आधी पावलं, मग पोटऱ्या. वाळू तापली असणार, कारण ती सारखी हात फुंकत होती. मला काही कळत नव्हतं.

"आजोबा, किती वेळ बसायचं?"

म्हटलं, "हात लावलाय. मधी सोडायचा नाय."